पेटीला ऊन

सानगडी,
दि. ९ फेब्रुवारी २०२५

ती. मोठ्या आईस,
प्रतिक्षाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

आम्ही इकडे बरे आहोत. आईचे गुडघे थंडीभर कुरकुरत होते, आता उन्हं तापायला लागली तशी ती पुन्हा शेजारपाजार करू लागली आहे. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाईलवरचे वाच म्हटले की नेमका तुझा चष्मा हरवतो, म्हणून ही चिठ्ठी. तशीही तुझ्या पत्राची मजा वेगळी. अंगणवाडीत शिकवून वळणदार झालेले तुझे अक्षर आले की आई आधी ते गल्लीभर दाखवते आणि मग वाचते.

सोबतच्या खोक्यात दोन डबे आहेत. खायचे काही नाही म्हणून रागावू नकोस. शाळेत सातवीच्या मुलांकडून मी यंदा डब्याचे कॅमेरे करून घेतले. दूध पावडरचा डबा आतून काळा रंगवायचा, एका बाजूला खिडकी कापायची, तिच्यावर कोल्ड्रिंकच्या डब्याचा पातळ पत्रा चिकटवायचा आणि त्या पत्र्याला सुईच्या टोकाने भोक पाडायचे. भिंग नाही, बटण नाही. भोकासमोर आत फोटोचा कागद लावलेला आहे आणि भोकावर काळी पट्टी. डबा विटेवर पक्का ठेवायचा, पट्टी काढायची, सावकाश शंभर अंक म्हणायचे आणि पट्टी पुन्हा लावायची. मग डबा तसाच मला पाठव, मी मोरीत लाल दिवा लावून कागद धुते. झाकण मात्र काही केल्या उघडू नकोस. काळ्या पाकिटात जास्तीचे कागद आहेत, ते तसेच राहू दे. आपला धाकटा अनुप तिकडे आला की अंधाऱ्या खोलीत बसून डबे भरून देईल.

मला सध्या या कॅमेऱ्यांचे वेडच लागले आहे. नागपूरला जुन्या बाजारात प्लास्टिकचे रोलवाले कॅमेरे मिळतात, अगदी खेळण्यातले. चार घेतले. एकाच्या कोपऱ्यातून उजेड शिरतो आणि प्रत्येक फोटोवर लाल पट्टा येतो. आई म्हणते, मास्तरीण झाली पण भातुकली सुटली नाही. ते हाताळताना अंकुशदादाची आठवण झाली. त्याच्याकडे असाच एक होता ना, काळा, वर चंदेरी पट्टी असलेला? आम्हाला ओळीने उभे करून तो फोटो काढायचा. तुझ्याजवळ असला तर एकदा हातात घेऊन पाहावा वाटतो. काढवत नसेल तर राहू दे, मी पुन्हा विचारणार नाही.

मोठ्या बाबांना जय भीम. लोभ आहे तेवढा तरी राहू दे.

तुझी,
प्रतिक्षा


नवीन गावठाण, ता. पवनी,
दि. २२ फेब्रुवारी २०२५

चि. प्रतिक्षास,
मोठ्या आईचे अनेक आशीर्वाद व जय भीम.

डबे पोचले. पोस्टमनने खोके कानाशी हलवून विचारले की बाई, यात आहे काय. मी म्हटले, अंधार आहे. तो काही हसला नाही. तुझे मोठे बाबा म्हणाले की डब्यानं का फोटो निघून राहिला, ह्या पोरीले मास्तरीण केलं कोणं. पण म्हणता म्हणता स्वतःच खाट ओढून हापशीजवळ बसले. मी पट्टी काढली आणि अंक म्हणू लागले. चाळीसला बकरी सुटली आणि हे तिच्यामागे उठून गेले. तसाच डबा पाठवते आहे, आला तर आला. दुसरा अजून भरलेला आहे.

आता तू विचारलेस त्याचे. कॅमेरा आहे. पेटीत आहे, त्याच्या शर्टाखाली. आणि त्यात रोल आहे.

तू तेव्हा लहान होतीस, तुला सगळे ठाऊक नसेल. वरठीला कामाला लागल्यावर पहिल्या पगारात त्याने तो भंडाऱ्याहून आणला. तेच आपल्या जुन्या गावात धरणाचे पाणी येण्याचे वर्ष. लोक दारे, खिडक्या, छपराचे फाटे काढून बैलगाडीत घालत होते आणि हा ते सगळे टिपत हिंडायचा. विहार, विहीर, आपले दार, दारात उभी माणसे. बुद्धपौर्णिमेला मीच तो त्याच्या हातातून घेतला आणि म्हटले, सगळ्या गावाचे काढतोस, तुझा कोण काढणार, उभा राहा. विहाराच्या पायरीवर उभा राहिला. मी सावलीत ये म्हणत होते तर म्हणाला, फोटोले ऊन पायजे, माय. मी बटण दाबले. तो म्हणाला, तू हालली. मी म्हटले, नाही हालले. फोटो धुऊन येऊ दे, मग कळेल कोण खरे, असे आमचे ठरले. पुढच्याच महिन्यात वरठीच्या रस्त्यावर तो ट्रक आला.

रोल पुरा झाला नव्हता म्हणून कुणी धुवायला नेला नाही. नंतर मला सुचले तोवर पवनीच्या स्टुडिओत मोबाईल विकायला लागले होते. भिंतीवर त्याचा जो फोटो तू पाहतेस तो दहावीच्या परीक्षेचा, मोठा करून घेतलेला. मिशी नाही, चेहऱ्याचे नुसते ठिपके झाले आहेत. तो मला माझ्या पोराचा धाकटा भाऊ वाटतो. गेला तेव्हा चोवीस वर्षांचा होता, आणि त्या वयाचा त्याचा एकही फोटो नाही. आहे तो त्या रोलमध्ये.

इतक्या वर्षांनी येतो का ग फोटो? येत नसेल तर सरळ लिही. येत असेल तर अनुपच्या हाती कॅमेरा देते. तुझ्या मोठ्या बाबांना मी अजून काही बोलले नाही.

सरिताला म्हणावे, गुडघ्याला एरंडेल लाव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मोठी आई


सानगडी,
दि. १२ मार्च २०२५

ती. मोठ्या आईस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

अनुपने कॅमेरा आणून दिला. मोटरसायकलवरून येताना त्याने तो डिक्कीत न ठेवता शर्टाच्या आत ठेवला होता. तो एकदा हातात घेऊन आई आत निघून गेली, अर्धा तास बाहेर आली नाही.

आधी तुझ्या डब्याचा फोटो पाहा, सोबत आहे. किती छान आला. खाट आली, हापशी आली, बकरीचे दावे आले. मोठे बाबा मात्र नाहीत, खाटेवर नुसता धुरासारखा डाग आहे. या डब्यापुढे जो हलतो तो फोटोत येत नाही. त्यांना म्हणावे, पुढच्या वेळी बकरी गेली तर जाऊ दे.

आता रोल. दारे-खिडक्या लावून, रजईत शिरून मी तो आत गुंडाळून घेतला. गुंडाळताना मधे मधे अडकत होता, पण तुटला नाही. जुने रोल धुणारी एक लॅब पुण्यात आहे, तिकडे पाठवला. त्यांचे म्हणणे, रंग उतरलेले असतील, पण ओल लागली नसेल आणि उजेड लागला नसेल तर चेहरे येतात. चाळीस वर्षांपूर्वीच्या रोलमधूनही त्यांनी माणसे काढली आहेत. मला तुला उगाच आशा लावायची नव्हती. पण खरे सांगू, मला स्वतःलाच फार आशा वाटते आहे. वर्गात शिकवतानाही तेच डोक्यात असते. तू तो नीट कोरड्या जागी ठेवला होतास ना, एवढे फक्त कळव.

मोठ्या बाबांना दिसायला कमी झाले असे अनुप म्हणाला, डॉक्टर काय म्हणतात? पत्राला उशीर झाला तरी जिव्हाळ्यात कसूर समजू नये.

तुझी,
प्रतिक्षा


नवीन गावठाण,
दि. ३० मार्च २०२५

चि. प्रतिक्षास,
अनेक आशीर्वाद व जय भीम.

तुझे पत्र आले आणि मी लगेच यांना सगळे सांगून टाकले. राहवेना. ऐकून हे खाट ओढून दाराशी बसले. मग विचारले की पोस्टमन किती वाजता येतो. त्या दिवसापासून रोज दाढी करतात, जणू फोटो नव्हे, पोरगाच गाडीतून उतरणार आहे.

ओलीची तू काळजीच करू नकोस. या नव्या गावठाणातल्या भिंतींना पावसाळ्यात पाझर फुटतो, पहिल्याच वर्षी पेटीतल्या कपड्यांना बुरशी आली होती. तेव्हापासून मी धडा घेतला. माझी नि सरिताची आई दर वैशाखात पेटीला ऊन दाखवायची, सरितालाही आठवत असेल, तसेच मी करते. बुद्धपौर्णिमेच्या आधी पेटी अंगणात काढायची. त्याचे शर्ट, स्वेटर, शाळेचे दाखले, सगळे धुतल्या चादरीवर पसरायचे. कॅमेऱ्याचे मागचे दार उघडून रोलची पट्टी हलक्या हाताने बाहेर काढते, जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने दोन्ही अंगांनी पुसते आणि दुपार कलेपर्यंत चांगले कडकडीत ऊन देते. मग पुन्हा होती तशी गुंडाळून ठेवते. चौदा वर्षांत एक वैशाख चुकला नाही. गेल्या साली अंगात ताप होता तरी केले. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पापडाइतका कोरडा असेल बघ तुझा रोल.

यांच्या डोळ्यांना काचबिंदू सांगितला. शिबिरातले डॉक्टर म्हणाले की गेले ते परत येत नाही, आणि उरले तेही औषधाने थोडेच दिवस धरेल. आता समोरचे तेवढे दिसते, ताटाच्या कडेची चटणी दिसत नाही. हे म्हणतात, पोराले एक डाव पाहून घेतो, मंग जाऊ दे डोरे. म्हणून लॅबवाल्यांना जरा घाई करायला सांग. पवनीला सागाची फ्रेम सांगून आले आहे, पोस्टकार्डाच्या दुप्पट. बरोबर ना?

आणि मी हलले होते की नाही तेही आता कळेल. आमची आठवण अशीच धरून राहा.

तुझी,
मोठी आई


सानगडी,
दि. ९ एप्रिल २०२५

चि. अनुपास,
आशीर्वाद. जय भीम.

फोनवर हे सांगायला दोनदा सुरुवात केली आणि दोन्हीदा तुझ्या ड्युटीचे विचारून फोन ठेवला. म्हणून लिहिते आहे.

मोठ्या आईचे पत्र आणि पुण्याचे पाकीट एकाच दिवशी आले. मी पत्र आधी वाचले. पाकीट उघडायची तशी गरजच उरली नव्हती. तरी उघडले. पूर्ण रोल या टोकापासून त्या टोकापर्यंत काळा आहे. एक रेघ नाही. लॅबने लिहिले आहे की न धुतलेला रोल उघड्या उन्हात ठेवलेला दिसतो, यातून काही निघणे शक्य नाही. ती दर वैशाखात तो बाहेर काढून, पुसून, उन्हात वाळवत होती, अनुप. बुरशी लागू नये म्हणून. पत्र सोबत पाठवते, तूच वाच.

आई म्हणते, तिले नोको सांगू, मरून जाईन ते. पण फ्रेम करायला दिली आहे आणि मोठे बाबा रोज दाढी करून दारात बसतात. गप्प तरी किती दिवस राहू? खरे सांगितले तर तिला कळेल की पोराचा चेहरा तिच्याच हाताने गेला. मला पत्र लिहायला बसवत नाही. तू काय म्हणतोस?

जेवण वेळेवर घे. ताईची आठवण ठेव.

प्रतिक्षा


वरठी,
दि. १६ एप्रिल २०२५

ती. ताईस,
जय भीम.

पत्र वाचले. जयंतीच्या मिरवणुकीत होतो पण मन लागले नाही. माझे मत स्पष्ट आहे, खरे सांगू नको. सांगून काय मिळणार? दादा तर येत नाही.

तूच मागे म्हणाली होतीस की या खेळण्यातल्या कॅमेऱ्यांत कधी कधी रोल आतल्या चाकाच्या दातांना धरतच नाही, माणूस बटण दाबत जातो आणि आत काहीच होत नाही. तेच लिही. कॅमेराच तसा होता, फोटो मुळात निघालेच नव्हते. यात कुणाचा हात नाही. दादाच्या कॅमेऱ्यावर खोटे घालायला मलाही बरे वाटत नाही, पण तो असता तर त्यानेच हे सुचवले असते.

येत्या सुट्टीला मोठ्या बाबांना घेऊन नागपूरला दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन येतो. काही होईल असे वाटत नाही. कमीजास्त लिहिले असेल तर लहान समजून सोडून दे.

अनुप


सानगडी,
दि. २७ एप्रिल २०२५

ती. मोठ्या आईस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

हे पत्र लिहायला मी उशीर केला, माफ कर. पुण्याहून रोल आला. त्यात फोटो नाहीत.

तू काही मनाला लावून घेऊ नकोस, तुझी जपणूक चोख होती. दोष कॅमेऱ्याचा. या स्वस्त कॅमेऱ्यांत रोल दातांवर नीट बसला नाही तर पुढे सरकतच नाही. वरून बटण दाबल्यासारखे वाटते, आवाजही येतो, पण आत रोल जागच्या जागी राहतो. अंकुशदादाने काढलेले, तू काढलेला, यातले काहीच मुळात उमटलेले नव्हते. म्हणजे गेले असे काही नाही, नव्हतेच ते. माझ्या चारपैकी एका कॅमेऱ्याने माझाही एक रोल असाच फुकट घालवला.

मोठ्या बाबांना तुझ्या पद्धतीने सांग. मी आशा लावायला नको होती. सुट्टी लागली की आईला घेऊन येते. राग आला असेल तर माझ्यावर काढ, पण मला आपली म्हणणे सोडू नकोस.

तुझी,
प्रतिक्षा


नवीन गावठाण,
दि. २० मे २०२५

चि. प्रतिक्षास,
अनेक आशीर्वाद व जय भीम.

तुझे पत्र आले त्याला बरेच दिवस झाले. आधी मी ते खरे मानले. मनाशी म्हटले, चला, नव्हतेच तर नव्हते. तरी एक गोष्ट टोचत राहिली. बटण दाबून झाले की अंकुश वरचे चाक फिरवायचा, आणि दुसऱ्या बाजूची छोटी चकती आपोआप फिरायची. ती मला दाखवून म्हणायचा, हे फिरली म्हणजे रोल चालला समज. माझ्या फोटोनंतरही फिरली होती. आणि पट्टी तर दर वैशाखात मीच बाहेर काढत होते, ती अर्ध्याहून जास्त पलीकडे गेलेली असायची. मग न सरकलेला रोल पलीकडे गेला कसा, एवढे तुला विचारायचे होते.

पण विचारायची वेळ आली नाही. पौर्णिमेच्या आधी नेहमीप्रमाणे पेटी अंगणात काढली. कॅमेरा तुझ्याकडे, म्हणून त्याच्या जागी तुझे काळे पाकीट ठेवले होते. पोस्टातून आलेले, ओल धरली असेल म्हणून उघडले आणि कागद चादरीवर पसरले. दुधासारखे पांढरे होते. शर्ट झटकून वळले तो गुलाबी झालेले. बघता बघता जांभळे झाले, मग वांग्यासारखे. मी पदर टाकला, सावलीत नेले, पाकिटात घातले. परत पांढरे झाले नाहीत. झाकण उघडू नकोस असे तू लिहिले होतेस. मला ते डब्यापुरते वाटले, कागदाचे आहे हे कळले नाही, आणि रोलचे तर मनातही आले नाही.

मी तिथेच चादरीवर बसून राहिले. पहिल्याच वैशाखात गेला असेल ना ग तो? पुढची सगळी वर्षे मी कोरी पट्टी पुसत होते. आणि मला वाटायचे, एवढे तरी मी सांभाळले. तू खोटे लिहिलेस त्याचा राग नाही. तुझ्या जागी मी असते तर तेच लिहिले असते. पण बाई, आता मला कशानेच बरे वाटत नाही, तेवढे तुला लिहून ठेवते. सरिताला यातले सांगू नकोस.

यांना आता उजेड आणि अंधार एवढेच कळते. अनुप नागपूरला घेऊन गेला होता, तिथेही तेच सांगितले. फ्रेम आणून ठेवली होती. रोज विचारायचे. शेवटी त्या काळ्या पडलेल्या कागदांतला एक मी काचेमागे बसवला आणि फोटो आला म्हणून हातात दिला. काचेवरून हात फिरवत विचारले की शर्ट कोणता आहे. मी म्हटले, निळ्या चौकड्यांचा, खिशाला पेन आहे, ऊन डोळ्यांवर येते म्हणून डोळे बारीक केले आहेत. मग विचारले की हसून राहिला का. मी म्हटले, नाही, तू हालली म्हणून मला बोलून राहिला. तेव्हा ते म्हणाले, बराबर आला पोरगा. फ्रेम उशाशी घेऊन झोपतात.

दुसरा डबा राहिला होता, तो मी उघडला नाही. हे अंगणात खाटेवर बसले होते, फ्रेम मांडीवर. समोर विटेवर डबा ठेवून पट्टी काढली. बकरी सुटली, आवाज झाला, पण हे हलले नाहीत. आता हलतच नाहीत. शंभरच्या पुढे मला अंकांचे भान राहिले नाही, बऱ्याच वेळाने पट्टी लावली. डबा सोबत आहे. धुवायचा तर धू, नाहीतर राहू दे.

माझे एवढे काम कर. तो काळा रोल मला परत पाठव. टाकून दिला नसशील अशी आशा आहे. त्याच्या शर्टाखाली ठेवून पेटी लावून टाकते. यापुढे पेटीला ऊन दाखवणार नाही.

सगळ्यांना जय भीम सांग. लोभ धर.

तुझी,
मोठी आई सत्यभामा

ता. क. मी हलले नव्हते.